मराठ्यांनी तोफेच्या पल्ल्यावर मोजून विकलेला किल्ला आणि तिथंच मेलेला ‘गोळीच्या गणिताचा बाप’

पुण्याहून सोलापूर हायवेने निघालं आणि चौफुल्याला उजवीकडे वळलं की थोड्या वेळात सुपे लागतं. गाव बारामती तालुक्यातलं. गावाजवळच्या माळरानावर मयूरेश्वर अभयारण्य आहे. पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात छोट्या अभयारण्यांपैकी एक. इथं बघायला मिळतं ते चिंकारा नावाचं लाजरंबुजरं हरीण.

शनिवार-रविवारी इथं कॅमेरे घेऊन लोक येतात. चिंकारा दिसला की फोटो, फोटो झाला की रील.

आता गंमत बघा. तुम्ही असे हरणांचे रील दोन-चार बघितले की अल्गोरिदम तुम्हाला हळूच परदेशातल्या शिकारीचे रील दाखवायला लागतो. त्यात एक माणूस डोंगरावर आडवा पडलेला असतो. एका हाताला रायफल, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलमध्ये तो अंतर टाकतो, वारा टाकतो, तापमान टाकतो आणि ॲप त्याला सांगतं की नेम किती वर धर आणि किती बाजूला धर.

या ॲपला म्हणतात बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर. खाली कमेंटमध्ये आपलीच पोरं विचारत असतात, भावा ॲप कुठलं?

ॲप कुठलं घ्यावं यावर शेवटी बोलूच. पण त्याआधी त्या ॲपच्या पोटात जे गणित आहे, ते ज्या माणसानं पहिल्यांदा नीट मांडलं त्याची गोष्ट बघू. कारण हा माणूस जन्मला इंग्लंडमध्ये, पण मेला भारतात. आणि मेला तोसुद्धा अशा किल्ल्यात, जो मराठ्यांनी विकला होता.

त्याचं नाव बेंजामिन रॉबिन्स.

सुप्याच्या जहागीरदाराचा नातू आणि तोफेचा सौदा

सुरुवात आपल्याकडूनच करू. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. शहाजीराजांच्या नावाबरोबर सुप्याचं नाव इतिहासात कायम येतं. शिवाजी महाराजांनी हेच सुपे आपल्या सावत्र मामांकडून, म्हणजे संभाजी मोहित्यांकडून ताब्यात घेतलं.

पुढं १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत महाराजांनी तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला घेतला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि शहाजीराजांचे नातू राजाराम महाराज थेट जिंजीला पोचले. स्वराज्याचा कारभार तिथून चालू झाला. मागं मोगल, पुढं समुद्र आणि लढायला पैसा पाहिजे.

जिंजीपासून आग्नेयेला, कडलूरजवळ समुद्राकाठी देवनापट्टणम नावाचं ठिकाण आहे. तिथला छोटा किल्ला मराठ्यांनी १६९० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला विकला. त्यावेळी मद्रासचा गव्हर्नर होता एलिहू येल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचं नाव आहे, तोच हा.

या सौद्यातली अट अशी होती की, किल्ल्यातून तोफ डागल्यावर गोळा जिथंपर्यंत जाईल तिथंपर्यंतची जमीन आणि गावं कंपनीची.

इंग्रज काही कच्चे खेळाडू नव्हते. त्यांनी मद्रासहून चांगल्यातली चांगली पितळी तोफ आणली आणि सप्टेंबर १६९० मध्ये वेगवेगळ्या दिशांना गोळे डागले. गोळे जिथं पडले तिथं हद्द ठरली. त्या हद्दीत आलेल्या गावांना पुढं तोफगोळ्याची गावं असंच नाव पडलं.

थोडक्यात काय, तर बाण किंवा गोळा किती लांब जातो याच्यावर जमिनीचा व्यवहार झाला. पण तो किती लांब जाईल हे आधी कागदावर काढून सांगू शकेल असा माणूस त्या दिवशी दोन्ही बाजूंना नव्हता. खरं तर जगातच नव्हता.

त्या किल्ल्याचं नाव पडलं फोर्ट सेंट डेव्हिड. नाव लक्षात ठेवा, आपण परत इथं येणार आहोत.

शस्त्र न धरणाऱ्यांच्या घरातलं पोर

बेंजामिन रॉबिन्सचा जन्म १७०७ चा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. घर गरीब आणि क्वेकर पंथाचं. क्वेकर लोकांचा युद्धाला आणि शस्त्राला विरोध असतो. म्हणजे आपल्याकडं एखाद्या माळकऱ्याच्या घरात पोरगं जन्माला यावं आणि त्यानं मटणाचं दुकान टाकावं, तसा हा प्रकार.

पोरगं गणितात भयंकर हुशार होतं. त्यानं बरंचसं स्वतःच शिकून घेतलं. त्याचं काम लंडनच्या हेन्री पेंबर्टन यांच्यापर्यंत पोचलं. हे पेंबर्टन म्हणजे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची तिसरी आवृत्ती संपादित करणारे. त्यांनी रॉबिन्सला लंडनला बोलावून घेतलं.

१७२७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, रॉबिन्स रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आपल्याकडं ज्या वयात पोरं एसवायची बॅकलॉग काढत असतात, त्या वयात.

पोटापाण्यासाठी तो गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. पण एका जागी बसणाऱ्यातला तो नव्हता. पूल, बंदरं, पाणथळ जमिनीतून पाणी काढणं अशा कामांत त्यानं डोकं घातलं. किल्ले बघायला फ्लँडर्सपर्यंत जाऊन आला. क्वेकरपणा मागंच सुटला होता. १७३९ पासून तर तो राजकीय पत्रकंही लिहायला लागला आणि १७४२ मध्ये माजी पंतप्रधान वॉलपोल यांच्या चौकशीसाठी संसदेनं जी गुप्त समिती नेमली, तिचा सचिव झाला.

दरम्यान वूलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी लष्करी अकादमी निघाली. तिथं शिकवायची जागा आपल्याला मिळावी म्हणून रॉबिन्सनं तयारी केली. जागा दुसऱ्याला मिळाली.

पण त्या तयारीतूनच त्याचं एक पुस्तक झालं. १७४२ मध्ये आलेलं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’. नोकरी हुकलेल्या माणसाच्या या पुस्तकानं तोफखान्याचं सगळं शास्त्र बदलून टाकलं.

२७ किलोमीटर की मैलभरही नाही?

त्याआधी लोकांना काय वाटायचं ते बघू. गॅलिलिओनं १६३८ मध्ये दाखवलं होतं की फेकलेली वस्तू पॅराबोला या वक्रात जाते. पण त्यात हवेचा विचार नव्हता. हवेचा विरोध असतो हे न्यूटनला माहीत होतं, त्यानं त्यावर लिहिलंही होतं. तरी तोफखान्याच्या पुस्तकांत सर्रास एकच समज होता, की लोखंडाच्या जड गोळ्याला हवेसारखी हलकी गोष्ट काय अडवणार?

रॉबिन्सनं विचार केला, आधी गोळीचा वेग तर मोजू.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष हे, की तेव्हा सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ नव्हतं. कॅमेरा नव्हता. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीचा वेग मोजायचा कसा?

त्यानं एक लंबक बनवला. तिपाईला टांगलेला जड ठोकळा. त्यावर बंदूक झाडायची. गोळी ठोकळ्यात घुसते आणि ठोकळा मागं झुलतो. किती झुलला हे खाली लावलेल्या फितीवरून मोजायचं.

समजा ठोकळा गोळीच्या सहाशे पट जड आहे. मग गोळी घुसल्यावर ठोकळ्याला जो वेग येईल, तो गोळीच्या वेगाच्या साधारण सहाशेव्या भागाइतका असेल. म्हणजे डोळ्याला न दिसणारा वेग, डोळ्याला दिसेल इतका हळू झाला. ठोकळ्याचा वेग झोक्यावरून काढायचा आणि उलटं गणित करायचं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बॅलिस्टिक पेंड्युलम नावाचं जे उदाहरण आजही परीक्षेला येतं, ते हेच.

उत्तर आलं, मस्केट बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १७०० फूट जाते.

आता पॅराबोलाच्या नियमानं ४५ अंशांत झाडलेली ही गोळी किती लांब जायला पाहिजे? हिशेब केला तर सुमारे १७ मैल, म्हणजे २७ किलोमीटर. सुप्याच्या माळावर उभं राहून पश्चिमेला बार काढला तर गोळी मोरगाव ओलांडून, जेजुरीच्याही पुढं जाऊन पडली पाहिजे.

प्रत्यक्षात मस्केटची गोळी मैलभरही जात नव्हती.

बाकीचं सगळं अंतर हवेनं खाल्लं होतं. रॉबिन्सनं बंदूक लंबकापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवून वेग कसा घटतो ते मोजलं. वेगात असलेल्या गोळ्याला हवा त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोरानं मागं ढकलते, हे त्यानं आकड्यांत दाखवलं. एवढंच नाही, गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ गेला की हवेचा विरोध एकदम वाढतो हेही त्याच्या लक्षात आलं. विमानं आवाजाचा वेग ओलांडायच्या दोनशे वर्षं आधी.

वाकड्या नळीची बंदूक

दुसरा प्रश्न होता, गोळी सरळ का जात नाही? एकाच बंदुकीतून, एकच नेम धरून दहा बार काढले तर दहा गोळ्या दहा ठिकाणी लागायच्या.

रॉबिन्सचं म्हणणं होतं की नळीत घासून गोळी स्वतःभोवती फिरते आणि त्यामुळं हवेत वळते. लोकांना पटेना. मग त्यानं एका बंदुकीची नळी टोकाला डावीकडं वाकवली. वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले आणि बार काढला. गोळी आधी डावीकडं निघाली. पण नळीच्या उजव्या बाजूला घासून फिरल्यामुळं पुढं गेल्यावर ती चक्क उजवीकडं वळली. पडद्यांवरची भोकं साक्षीला होती.

फिरत्या चेंडूचा ड्रिफ्ट आणि फुटबॉलची केळीसारखी वळणारी फ्री किक यामागं हेच कारण आहे. पण याला नाव पडलं मॅग्नस इफेक्ट. मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञानं त्यावर काम केलं ते १८५२ मध्ये, म्हणजे रॉबिन्सनंतर शंभर वर्षांनी. क्रेडिट हुकणं हा प्रकार काही आजचा नाही.

यावर उपाय काय? गोळी फिरणारच असेल तर तिला आपल्याला पाहिजे तशी फिरवायची. नळीच्या आत पिळदार खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी पुढच्या दिशेच्या आसाभोवती फिरते आणि सरळ जाते. अशा बंदुका आधीपासून होत्या. त्या नेमकं का चालतात हे रॉबिन्सनं १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढं मांडलं आणि एक भाकीत केलं. जे राष्ट्र ही रायफल नीट समजून घेईल आणि आपल्या सैन्याला देईल, ते बाकीच्यांच्या खूप पुढं जाईल.

भाकीत खरं व्हायला शंभर वर्षं लागली. १८५३ ची एनफिल्ड रायफल ब्रिटिशांनी भारतात आणली. त्याच रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला.

टीका केली, त्यानंच डोक्यावर घेतलं

रॉबिन्स तोंडाचा तिखट होता. १७३९ मध्ये त्यानं युरोपातला सगळ्यात मोठा गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याच्या पुस्तकावर टीका केली होती.

पुढं प्रशियाच्या राजासाठी तोफखान्यावरचं चांगलं पुस्तक पाहिजे होतं. ऑयलरनं कुठलं निवडलं? रॉबिन्सचं. १७४५ मध्ये त्यानं ते जर्मनमध्ये आणलं आणि मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी मोठी स्वतःची टिप्पणी जोडली. फिरत्या गोळीचा मुद्दा मात्र त्याला पटला नाही. तिथं ऑयलर चुकला आणि रॉबिन्स बरोबर निघाला.

१७४६ मध्ये रॉबिन्सला रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं. पुढच्या काळात डार्विन आणि आइनस्टाइनला मिळालं तेच हे पदक. १७८८ मध्ये फ्रान्सच्या तोफखान्यातला एक तरुण अधिकारी रॉबिन्सचं पुस्तक वाचून त्याच्या नोट्स काढत होता. त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट.

आणि मग भारत

१७४६ मध्ये फ्रेंचांनी कंपनीचं मद्रास जिंकून घेतलं. तहात ते परत मिळालं, पण कंपनी हादरली होती. किल्ले मजबूत करायला चांगला माणूस पाहिजे होता. कंपनीनं रॉबिन्सला इंजिनिअर जनरल नेमलं.

१७४९ च्या डिसेंबरमध्ये तो जहाजात बसला. बरोबर वेधशाळेची उपकरणंही घेतली होती, कारण त्याला भारतात आकाशाचे वेध घ्यायचे होते. १७५० च्या जुलैमध्ये तो पोचला. कुठं? फोर्ट सेंट डेव्हिडला. मद्रास पडल्यापासून कंपनीचा या किनाऱ्यावरचा कारभार इथूनच चालत होता.

साठ वर्षांपूर्वी ज्या बुरुजांवरून अंदाजानं तोफ डागून मराठे आणि इंग्रजांनी जमीन वाटून घेतली, त्याच बुरुजांवर आता तो माणूस उभा होता ज्याला गोळा कुठं पडेल ते कागदावर काढता येत होतं.

तो कामाला लागला. मद्रास आणि सेंट डेव्हिडच्या तटबंदीचे आराखडे करायला घेतले. पण इथली हवा मानवली नाही. त्याच वर्षी त्याला तापानं गाठलं. एकदा बरा झाला, पण तब्येत परत खालावली. २९ जुलै १७५१ ला फोर्ट सेंट डेव्हिडमध्येच बेंजामिन रॉबिन्स मेला. वय ४४. लग्न केलं नव्हतं. आकाशाचे वेध राहिले.

१७५८ मध्ये फ्रेंचांनी हा किल्ला जिंकला आणि पाडून टाकला. आज तिथं अवशेष तेवढे आहेत.

लंबकापासून मोबाइलपर्यंत

रॉबिन्सचं गणित मात्र वाढत गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठमोठ्या चाचण्यांतून एका ठरावीक आकाराच्या गोळीला कुठल्या वेगाला किती विरोध होतो याचे तक्ते बनले. दुसऱ्या महायुद्धात असे तक्ते करायला अमेरिकेत माणसं, त्यातही बहुतेक बायका, आकडेमोड करत बसायच्या. एका गोळ्याचा मार्ग काढायला यंत्रावर सुमारे वीस तास. ते काम लवकर व्हावं म्हणून बनवलं गेलेलं मशीन म्हणजे एनिॲक, १९४५ चा कॉम्प्युटर. त्यानं तेच काम अर्ध्या मिनिटात केलं.

म्हणजे गोळी कुठं पडेल हे काढायला कॉम्प्युटर जन्माला आला आणि तो कॉम्प्युटर आता खिशात येऊन परत तेच काम करतोय.

ॲप काय करतं? गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगानं सुटली आणि निशाण ३०० मीटरवर असेल, तर हवा नसती तरी तिला पाऊण सेकंदाच्या निम्मा वेळ लागला असता आणि तेवढ्यात ती सुमारे ६९ सेंटीमीटर खाली आली असती. हवेमुळं वेग घटतो, वेळ वाढतो, म्हणून ती त्याहून जास्त खाली येते. किती जास्त, हे बारीक बारीक टप्प्यांत मोजायचं काम ॲपचं.

मग ॲप निवडायचं कसं?

रॉबिन्सनं आधी वेग मोजला, मग गणित केलं. तोच क्रम इथं लागू आहे. काडतुसाच्या खोक्यावरचा वेग टाकला तर उत्तर खोक्याच्या रायफलचं येणार, तुमच्या नाही. क्रोनोग्राफवर मोजलेला वेग टाकता येतो का आणि प्रत्यक्ष लागलेल्या गोळ्यांवरून ॲपचा हिशेब दुरुस्त करता येतो का, हे आधी बघायचं.

दुसरं, हवेच्या विरोधाचा तक्ता. जी-वन हा जुन्या, सपाट बुडाच्या गोळीचा, तर जी-सेव्हन लांब आणि निमुळत्या बुडाच्या गोळीचा. गोळी एका प्रकारची आणि तक्ता दुसरा, असं झालं की लांबच्या अंतरावर सगळं फसतं.

तिसरं, हवेचा दाब. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. ॲपला पाहिजे असतो तुम्ही उभे आहात तिथला. दोन्हींत गोंधळ झाला तर पठारावर उत्तर चुकतं. शिवाय दुर्बिणीचं आणि ॲपचं मोजमाप एकच पाहिजे आणि ॲप रेंज नसतानाही चाललं पाहिजे.

आणि वारा? तो शेवटी माणसालाच ओळखावा लागतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. फक्त ५० मीटर, तरी तिथं वाऱ्याकडं लक्ष ठेवावंच लागतं.

पण हे सगळं लायसन्स असलेल्या रायफलसाठी आणि शूटिंग रेंजवरच्या निशाणासाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. चिंकारा पहिल्या अनुसूचीत येतो. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. ॲप ठेवणं गुन्हा नाही, पण रीलमधला डोंगर आणि सुप्याचा माळ एक नाही.

गोळी सुटल्यावर ती कुठं जाईल, याचं गणित रॉबिन्सनं पावणेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं. ती सोडायची की नाही, याचं गणित कुठल्याच ॲपमध्ये नसतं.

पुढच्या वेळी सुप्याला गेलात तर मोबाइल काढाच. पण कॅमेरा उघडा. चिंकारा लांब असतो, झूम चांगला लागेल.